किल्ट व त्याचा साज

मनुष्याचें वस्त्र त्याची लाज राखतें व थंडीवाऱ्यापासून त्याचें रक्षण करतें. परंतु त्या वस्त्राबरोबर तो जें कांहीं अंगावर बाळगतो, तें त्याचा धंदा, त्याचा देश आणि पुष्कळदां त्याच्या देशाचा इतिहासहि सांगून जातें. धोतर नेसणाऱ्या गृहस्थाच्या कमरेची चंची पाहिली, कीं धोतरास खिसा नसतो हें निराळें सांगावें लागत नाहीं. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील लोकांचा किल्ट नांवाचा जो गुडघ्यापर्यंत पोंचणारा, निऱ्यांचा पोषाख आहे, त्याच्याबरोबर कोणत्या वस्तू घालाव्या व कोणत्या घालूं नयेत, ह्याविषयीं तिकडील शिंप्यांच्या दुकानांत आणि लग्नघरांत आजहि मोठ्या आस्थेनें चर्चा चालते. जो तो आपलाच नियम अनादि म्हणून सांगतो. वस्तुतः एकेका वस्तूची जन्मकथा शोधूं गेल्यास असें दिसतें कीं, कांहीं वस्तू गरजेनें आल्या, कांहीं पलटणींतून आल्या, कांहीं एका राजाच्या हौसेनें आल्या. आणि मध्यें पस्तीस वर्षें अशीं गेलीं कीं, त्या पोषाखापैकीं एकहि जिन्नस अंगावर घालणें हा त्या मुलखांत गुन्हा होता.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस ह्या डोंगरांतला मनुष्य जें वस्त्र वापरूं लागला, त्यास गेलिक भाषेंत फेलेमोर, म्हणजे मोठें गुंडाळवस्त्र, असें नांव आहे. हातमाग अरुंद असल्यामुळें लोंकरीचे दोन पट्टे लांबीस लांब जोडून तें तयार करीत. त्याच्या खालच्या भागाच्या निऱ्या घालून कमरेस चामड्याचा पट्टा आवळावयाचा आणि उरलेला भाग पाठीवरून खांद्यावर घ्यावयाचा. पाऊस आला तर तोच डोक्यावर ओढावयाचा, आणि रात्रीं पट्टा सोडला कीं त्याचेंच अंथरूण व त्याचेंच पांघरूण. आपल्याकडे धनगराची घोंगडी आणि गृहस्थाचें धोतर मिळून जें काम करतात, तें हें एकटें वस्त्र करीत असे. फरक इतकाच कीं, धोतराच्या निऱ्या पुढें येतात, ह्याच्या मागें.

अशा वस्त्रास गुंडी नाहीं, बंद नाहीं आणि खिसाहि नाहीं. तेव्हां त्याच्या साजांतील पहिल्या तीन वस्तू कोणत्या असाव्या, हें कोणा शास्त्रकारास ठरवावें लागलें नाहीं. पहिला कमरेचा पट्टा, कारण त्यावांचून वस्त्र अंगावर राहात नसे. दुसरी खांद्यावरचा पदर अडकविण्याची टांचणी. स्काय बेटांत जन्मलेला मार्टिन मार्टिन नांवाचा लेखक इ. स. १७०३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत सांगतो कीं, पुरुष हें वस्त्र छातीपाशीं हाडाच्या किंवा लांकडाच्या टांचणीनें अडकवीत असत. श्रीमंतांकडे हीच वस्तु चांदीची होई. तिसरी वस्तु स्पॉरन. गेलिक भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ केवळ थैली असा आहे. हरणाच्या किंवा वासराच्या कातड्याचा, दोरीनें तोंड आवळण्याचा हा बटवा पुढें कमरेस लोंबत असे, आणि त्यांत पैसे व शिधा अशा चार गोष्टी मावत. पुढें अठराव्या शतकांत त्यास पितळेचें तोंड व कडी आली.

ह्या मोठ्या वस्त्राचा खालचा अर्धा भाग निराळा करून, केवळ कमरेपासून गुडघ्यापर्यंत नेसण्याचा जो प्रकार निघाला, तोच आजचा किल्ट. तो कोणीं काढला ह्याविषयीं एक गोष्ट सांगतात. इ. स. १७८५ मध्यें एडिंबरोच्या एका मासिकांत छापलेल्या पत्रांत असें म्हटलें आहे कीं, लँकाशायरचा टॉमस रॉलिन्सन नांवाचा इंग्रज कारखानदार ग्लेनगॅरीच्या रानांत लोखंडाची भट्टी चालवीत असतां, मजुरांना त्या अवजड वस्त्रानें काम करतां येईना म्हणून त्यानें तें कापून अर्धें केलें. एका इंग्रजानें स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोषाख निर्माण केला हें ऐकून कांहीं लोक हंसतात व कांहीं संतापतात. आणि अर्धें वस्त्र नेसण्याची चाल त्याच्या आधींचीच होती असें म्हणणारे अभ्यासकहि आहेत. वाद कसाहि मिटो, मुख्य गोष्ट निर्विवाद आहे. हा बदल कष्टकऱ्याच्या सोयीकरितां टिकला, शोभेकरितां नव्हे. निऱ्या कायमच्या शिवून टाकण्याची रीत तर त्याहूनहि मागाहूनची, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरची आहे.

इतक्यांत ह्या साध्या वस्त्रावर राजकारणाचा घाला आला. पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड ह्यानें इ. स. १७४५ मध्यें बंड उभारलें, आणि डोंगरी जमातींपैकीं अनेकांनीं त्याचा पक्ष घेतला. ता. १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर त्या बंडाचा निकाल लागला. विजयी सरकारानें शस्त्रें काढून घेतलीं, जमातींच्या नायकांचे न्यायदानाचे वंशपरंपरागत अधिकार काढून घेतले, आणि एवढ्यानें समाधान न होऊन अंगावरचें वस्त्रहि काढून घेतलें. इ. स. १७४६ च्या कायद्यान्वयें ता. १ ऑगस्ट १७४७ पासून डोंगरी मुलखांतील कोणाहि पुरुषास किंवा मुलास तें मोठें गुंडाळवस्त्र, तो लहान किल्ट, ती घट्ट विजार, इतकेंच नव्हे तर खांद्यावरचा पट्टासुद्धां वापरण्याची मनाई झाली. चौकटीच्या टार्टन कापडाचा वरचा कोट शिवण्यासहि बंदी झाली. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंग, आणि दुसऱ्यास सात वर्षें समुद्रापलीकडील वसाहतींत रवानगी, म्हणजे आपल्या भाषेंत काळें पाणी.

श्रोत्यांनीं ह्या कायद्यांतील एका शब्दाकडे लक्ष द्यावें. कायदा करणाऱ्यांनीं केवळ मुख्य वस्त्राचें नांव घालून काम भागविलें नाहीं. खांद्याच्या पट्ट्यासारख्या वरकड वस्तूचेंहि नांव त्यांनीं घातलें. साजांतील एखादी वस्तु मागें राहिली, तर तिच्या आधारानें आठवण जिवंत राहते, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

परंतु ह्याच कायद्यानें एक वाट उघडी ठेवली होती. राजाच्या सैन्यांतील शिपायांस तो लागू नव्हता. ब्लॅक वॉच ह्या नांवानें ओळखली जाणारी डोंगरी पलटण इ. स. १७३९ मध्यें उभी राहिली होती, आणि पुढें आणखी पलटणी निघाल्या. आपल्या बापाचा पोषाख अंगावर घालावयाचा असेल, तर राजाची बंदूक खांद्यावर घेतली पाहिजे, अशी स्थिति झाली. ता. १ जुलै १७८२ रोजीं लंडनच्या हायलंड सोसायटीच्या खटपटीनें हा कायदा रद्द झाला. आपल्याकडे मराठे व इंग्रज ह्यांच्यामध्यें साल्बाईचा तह झाला तें हेंच वर्ष होय. तोंपर्यंत एक सबंध पिढी निघून गेली होती. गरीब शेतकरी इतरांसारख्या विजारी घालण्यास संवकला होता, आणि जुन्या पोषाखाची परंपरा बहुतांशीं पलटणींच्या कोठारांत उरली होती.

आजच्या साजांतील कितीतरी नियमांचें मूळ ह्या एका गोष्टींत आहे. शिपायाचा पोषाख एकसारखा असावा लागतो; त्याच्या निऱ्या मोजलेल्या, पायमोजे एका उंचीचे, बटवा एका जागीं. सैन्यांतील स्पॉरन हळूहळू थैलीपणा सोडून घोड्याच्या वा बकऱ्याच्या लांब केंसांचा, चालतांना डुलणारा झुबका बनला. त्याच सैन्याबरोबर ह्या डोंगरी पलटणी जगभर गेल्या. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जालन्याजवळ असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं जी लढाई झाली, तींत वेलस्लीच्या बाजूस ७४ वी व ७८ वी ह्या दोन हायलंडर पलटणी होत्या, आणि ७४ व्या पलटणीची तेथें भयंकर हानि झाली. ज्यांच्या आजांनीं कलोडननंतर आपला मुलूख गमावला, त्यांचे नातू मराठ्यांचा मुलूख जिंकावयास आले. इतिहासाची ही गति विचार करण्यासारखी आहे.

आतां राजाच्या हौसेची कथा. इ. स. १८२२ च्या ऑगस्टमध्यें चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. त्याच्या स्वागताची सर्व व्यवस्था कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट ह्याच्याकडे होती. कोणीं काय घालावें ह्याविषयीं सूचनांची एक पुस्तिकाच नागरिकांकरितां छापण्यांत आली. राजानेंहि होलीरूडच्या दरबारांत डोंगरी पोषाख घातला. त्या एका पोषाखाचें व त्यावरील शस्त्रें, जवाहीर वगैरे साजाचें बिल १,३५४ पौंड १८ शिलिंग झालें होतें! स्थूल राजाच्या उघड्या गुडघ्यांचा प्रश्न फिक्या गुलाबी रंगाच्या तंग विजारीनें सोडविण्यांत आला. लंडनचा माजी नगराध्यक्ष सर विल्यम कर्टिस हाहि तितकाच लठ्ठ गृहस्थ किल्ट घालून हजर झाल्यामुळें व्यंगचित्रकारांचें चांगलेंच फावलें. हिंदुस्थानांतील शिक्षणाच्या इतिहासामुळें आपल्या परिचयाचा असलेला मेकॉले ह्यानें पुढें आपल्या इतिहासग्रंथांत असा टोमणा मारला कीं, स्कॉटलंडांतील दहांपैकीं नऊ माणसें पूर्वीं जो पोषाख चोराचा समजत, तोच राजानें आदर म्हणून अंगावर चढविला.

हा सोहळा चालला असतां उत्तरेकडे काय होत होतें? जमीनदार आपल्या कुळांस उठवून त्या जागीं मेंढरें आणीत होते. सदरलंड परगण्यांतील स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यांतून इ. स. १८१४ मध्यें कुटुंबेंच्या कुटुंबें हाकलून देण्यांत आलीं होतीं. ग्लेनगॅरीचा नायक मॅक्डॉनेल ह्याचें चित्र रेबर्न नांवाच्या प्रसिद्ध चित्रकारानें इ. स. १८१२ च्या सुमारास काढलें आहे. अंगावर संपूर्ण डोंगरी साज, आणि पायमोज्याच्या कांठांत खोंवलेली लहान सुरी. ह्या सुरीचीं जीं जुनीं चित्रें आहेत, त्यांत ह्याची गणना होते. खऱ्या डोंगरी लोकांचा संघ म्हणून एक मंडळहि त्यानें इ. स. १८१५ मध्यें काढलें होतें. आणि ह्याच नायकानें आपल्या वतनांतील कुळांना जमिनीवरून उठविलें. साज राहिला आणि माणसें गेलीं.

ज्या पोषाखास पूर्वीं शिक्षा होती, त्यास आतां प्रतिष्ठा आली, आणि प्रतिष्ठेपाठोपाठ नियम आले. प्रत्येक घराण्याचा चौकटींचा नमुना ठरलेला आहे अशी समजूत पसरली. बॅनकबर्न येथील विल्सन नांवाची विणकरांची पेढी पलटणींना व शहरांना टार्टन पुरवीत असे, तिच्या इ. स. १८१९ च्या नमुनावहींत पुष्कळसे नमुने नोंदलेले आहेत, आणि तिनें कांहीं नमुन्यांस नुसते क्रमांकच दिलेले असत. इ. स. १८४२ मध्यें दोघा भावांनीं, जुन्या हस्तलिखितावरून घेतलें असें सांगून, घराण्यांच्या टार्टनांचा एक मोठा ग्रंथ छापला. आपण राजपुत्र चार्ल्सचे नातू आहों असेंहि ते भासवीत. ग्रंथ बनावट ठरला, परंतु त्यांतील कित्येक नमुने आज खऱ्याखुऱ्या घराण्यांच्या अंगावर आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबानें इ. स. १८५२ मध्यें बालमोरलची वाडी विकत घेतल्यावर तर ह्या पोषाखाची सर्वत्र चलती झाली.

आजचा साज एकेक करून पाहिला म्हणजे ह्या साऱ्या इतिहासाचे थर त्यांत दिसतात. स्पॉरनचे तीन प्रकार मानतात. दिवसा साधा चामड्याचा, रात्रींच्या समारंभास चांदीच्या तोंडाचा व लोंकरदार कातड्याचा, आणि दोहोंच्या मधला तिसरा. तो पट्ट्याच्या खालीं चार बोटांवर, साखळीनें बांधावा आणि नाचाच्या वेळीं कमरेच्या बाजूस सरकवावा, असा रिवाज आहे. पूर्वीं समारंभी स्पॉरनास सीलचें कातडें फार आवडीचें होतें. परंतु युरोपांत इ. स. २००९ मध्यें सीलच्या कातड्याच्या व्यापारावर निर्बंध आल्यापासून समजूतदार गिऱ्हाईक बकऱ्याचें, गाईचें वा नकली कातडें पसंत करतें.

पट्ट्याविषयीं नियम असा कीं, आंत बंडी घातली असल्यास रुंद पट्टा घालूं नये. ह्याचें कारण सोपें आहे. शिवलेल्या किल्टास बाजूस चामड्याचे बंद असतात, त्यामुळें पट्टा आतां वस्त्र धरून ठेवीत नाहीं. तो केवळ शोभेचा आहे, आणि बंडीखालीं त्याची शोभा दिसत नाहीं. किल्टाची टांचणी पुढच्या वरच्या पदरासच लावावी, खालच्या पदरास टोंचूं नये; दोन्ही पदर एकत्र टोंचले तर चालतांना कापड फाटतें. वाऱ्यानें शिपायाचा पदर उडतांना पाहून व्हिक्टोरिया राणीनें आपली टांचणी त्यास दिली, अशी एक दंतकथा आहे; ती दंतकथा म्हणूनच ऐकावी.

किल्टाची खालची किनार गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर यावी आणि पायमोज्याची घडी गुडघ्याखालीं कांहीं बोटें असावी, म्हणजे मधला पाय उघडा राहतो. पायमोजे बांधण्याच्या फितीचीं टोंकें घडीखालीं दिसतात, तीं किल्टाच्या रंगाशीं जुळतीं ठेवतात. शुभ्र पायमोजे सर्वांनीं सरसकट घालण्याची चाल जुनी नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भाड्यानें पोषाख देणाऱ्या दुकानांनीं ती वाढविली. लांब नाड्यांच्या, जिभेवांचूनच्या बुटांची कल्पना मात्र जुन्या डोंगरी चपलेपासून आली आहे. ओढे ओलांडतांना शिरलेलें पाणी निघून जावें म्हणून त्या चपलेस छिद्रें असत.

पायमोज्यांतील लहान सुरीस स्कीअन डू, म्हणजे काळी सुरी, म्हणतात. बगलेंत लपविलेली सुरी यजमानाच्या घरीं काढून समोर दिसेल अशी ठेवण्याच्या सभ्यतेंतून ती पायांत आली, असें सांगतात. ब्रिटनमध्यें सार्वजनिक ठिकाणीं पातें बाळगण्यास मनाई आहे, तथापि इ. स. १९८८ च्या इंग्लंडच्या व इ. स. १९९५ च्या स्कॉटलंडच्या कायद्यांत राष्ट्रीय पोषाखाचा भाग म्हणून आणि धर्माचरण म्हणून बाळगलेल्या पात्यास मोकळीक ठेवलेली आहे. डोंगरी सुरी आणि शिखांचें कृपाण ह्यांचें रक्षण अशा रीतीनें कायद्याचें एकच कलम करीत आहे. एके काळीं साजाला शिक्षा ठरविणाऱ्या कायद्यानें पुढें साजाला संरक्षण द्यावें, हा बदल लहान नव्हे.

टोपीच्या बाबतींत मात्र हौसेस मर्यादा आहे. टोपीवर गरुडाचीं तीन पिसें घालण्याचा मान जमातीच्या मुख्य नायकाचा, दोन पिसांचा उपनायकाचा, आणि एकाचा ज्यास स्वतःचें कुलचिन्ह मिळालें आहे त्याचा. सामान्य माणसानें नायकाचें चिन्ह पट्टा व बकल ह्यांच्या वर्तुळांत बसविलेलें लावावें. त्या वर्तुळाचा अर्थ, मी ह्या नायकाचा माणूस, असा आहे. रात्रींच्या समारंभांतील प्रिन्स चार्ली नांवाचा आंखूड कोट मात्र नांवानें फसवितो. राजपुत्र इ. स. १७८८ मध्यें वारला, आणि हा कोट विसाव्या शतकांतील शिंप्यांनीं रूढ केला.

साज शोभेकरितां की गरजेकरितां, ह्या प्रश्नाचें उत्तर रणांगणानें फार कठोरपणें दिलें. दक्षिण आफ्रिकेंत ता. ११ डिसेंबर १८९९ रोजीं मॅगर्सफॉन्टीन येथें हायलंड ब्रिगेडचे शिपाई बोअरांच्या गोळीबाराखालीं दिवसभर उन्हांत पालथे पडून राहिले, आणि उघड्या पोटऱ्यांवर फोड आले. त्या युद्धांत झगझगीत साज शत्रूस नेम धरावयास उपयोगी पडतो हें कळून चुकलें. स्पॉरन काढून ठेवण्यांत आला आणि किल्टावर पुढच्या बाजूस खाकी कापडाचें आच्छादन आलें. इ. स. १९४० मध्यें फ्रान्समधील लढाईनंतर सैन्याचा किल्ट रणांगणावरून उठला, आणि संचलनापुरता राहिला.

नव्या काळांत ह्या वस्त्रानें पुनः कष्टकऱ्याची वाट धरली आहे, हें नवल. अमेरिकेंतील सिअॅटल शहरांत इ. स. २००० मध्यें जाड सुती कापडाचा, मोठमोठ्या खिशांचा किल्ट विक्रीस आला. त्याजवर टार्टन नाहीं, घराणें नाहीं. त्याच्याबरोबर जाड पट्टा, खालीं दुमडलेले पायमोजे व मजबूत बूट घालतात. ह्यावर चांदीचा स्पॉरन अडकविणें म्हणजे खिसे असलेल्या कोटावर चंची बांधण्यासारखें आहे. जुन्या मताचे लोक नाक मुरडतात. परंतु ग्लेनगॅरीच्या रानांतील मजुरानें निम्में कापड टाकून दिलें, तेव्हांहि कोणीं तरी नाक मुरडलें असेलच. टार्टनाची सरकारी नोंदवही मात्र इ. स. २००८ च्या कायद्यानें स्कॉटलंडांत स्थापन झाली, आणि तींत नवा नमुना नोंदविण्याची मोकळीक आहे. परंपरा बंद पेटींत ठेवण्याची वस्तु नव्हे, हें त्या देशाच्या कायदेमंडळानेंहि मान्य केलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

तेव्हां किल्टाबरोबर काय घालावें, असें विचारणाऱ्यानें जुनें कोणतें व नवें कोणतें एवढेंच पाहून चालणार नाहीं. वस्तु कोणत्या कामाकरितां आली, आणि ती मूळची कोणाची, हें पाहावें. काम उरलें असेल तर वस्तु साधी व टिकाऊ निवडावी. काम उरलें नसेल, केवळ शोभाच असेल, तर ती मोजकी असूं द्यावी. राजाच्या १,३५४ पौंडांच्या साजानें त्याचा मान वाढला नाहीं, हसें मात्र झालें. आणि दुसऱ्याच्या मानाचें पीस आपल्या टोपीवर लावूं नये. मार्टिन मार्टिननें पाहिलेल्या त्या बेटवासीयाजवळ चांदी नव्हती. हाडाच्या टांचणीनें त्याचा पदर जागच्या जागीं राहात होता, आणि वाऱ्यापावसांत त्याला तेवढेंच पाहिजे होतें.